लाइट गेली की स्क्रीन ऑफलाइन: नेटच्या आधी प्लेअरचं घड्याळ तपासा

दुकानातल्या स्क्रीनची ही तक्रार मुंबईत पावसाळ्यात वाढते, पण येते वर्षभर. रात्री शटर ओढताना मेन स्विच पाडला जातो, किंवा भर दुपारी लाइट जाऊन येते. स्क्रीन परत लागते, चित्रंही फिरायला लागतात, पण कालची. सराफाकडे कालचा सोन्याचा भाव. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आज रजेवर असलेल्या डॉक्टरांचं नाव. आमच्या डॅशबोर्डवर (सगळ्या स्क्रीनची स्थिती दाखवणाऱ्या पानावर) प्लेअर, म्हणजे स्क्रीनला चित्रं पुरवणारा छोटा डबा, लाल दिसतो आणि फोन येतो, "भाऊ, तुमच्या डब्याचं नेट गेलंय, बघा जरा."

नेट गेलेलं नसतं. त्याच वायफायवर मालकांच्या मोबाइलवर व्हिडिओ चालू असतो. प्लेअरला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळालेला असतो, पिंगही (पलीकडून उत्तर येतं का याची चाचणी) जातो. मग राउटर बंद-चालू केला जातो, केबल बदलली जाते, शेवटी कोणीतरी प्लेअर फॅक्टरी रीसेट करतं. त्याने डाउनलोड झालेलं कंटेंटही पुसलं जातं आणि कालचं चित्र दाखवणारी स्क्रीन पूर्ण काळी होते. राउटर बंद-चालू केल्यावर कधीकधी सगळं सुरळीत होतं, आणि तिथेच गैरसमज पक्का होतो. नेट खाली-वर झालं की काही प्लेअर पुन्हा एकदा वेळ मागतात, आणि ती मिळाली की उरलेलं आपोआप सुटतं. दोष राउटरचा नव्हताच. पुढच्या वेळी मेन पडला की तीच तक्रार परत.

दादरपासून ठाण्यापर्यंत अशा स्क्रीन सांभाळताना मी एक क्रम पक्का केला आहे: लाइट गेल्यानंतर बिघडलेल्या प्लेअरचं आधी घड्याळ बघायचं, मग नेट.

घड्याळाचा नेटशी काय संबंध

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो. मशीन बंद असलं तरी त्यावर घड्याळ चालत राहतं. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर आणि त्याआधीच्या बोर्डांवर असं घड्याळच नाही. पाय ५ वर घड्याळ आहे, पण त्याचा सेल वेगळा घेऊन जोडावा लागतो. स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्येही बहुतेक वेळा सेल नसतो. त्यामुळे लाइट गेली की प्लेअर वेळ विसरतो. परत चालू झाल्यावर तो एकतर सिस्टममध्ये ठरलेल्या एखाद्या जुन्या तारखेपासून मोजायला लागतो, नाहीतर कार्डवर शेवटची लिहून ठेवलेली वेळ उचलतो. पायवर फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाचा छोटा प्रोग्राम दर तासाला आणि शटडाउनच्या वेळी चालू वेळ फाइलमध्ये लिहितो. मेन पाडल्यावर नीट शटडाउन होतच नाही, म्हणून सकाळी प्लेअर उठतो तो काल रात्रीच्या कुठल्यातरी वेळेत.

इथून दोन वेगळे बिघाड निघतात आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

फरक काही तासांचाच असेल तर प्लेअर सर्व्हरला बहुधा जोडला जातो. डॅशबोर्डवर तो हिरवा दिसतो, पण त्याच्या मते अजून काल रात्रच असल्यामुळे कालचं शेड्यूल चालवतो. ऑनलाइन असून चुकीचं दाखवणारा प्लेअर मला जास्त घातक वाटतो, कारण त्याची तक्रार आपल्याकडे आपणहून येत नाही, गिऱ्हाईक भांडलं की मगच कळतं. यातही एक अपवाद आहे. काही सेवा विनंतीवरची वेळसुद्धा तपासतात. प्लेअर स्वतः डिजिटल सही करून ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइली साठवणाऱ्या सेवेकडून थेट फाइली मागत असेल, तर १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक तिथे चालत नाही. प्लेअर हिरवा, पण नवीन फाइल एकही उतरत नाही, असं दिसलं तर हे आठवावं.

फरक मोठा असेल तर प्लेअर जोडलाच जात नाही. सीएमएसशी (कंटेंट आणि शेड्यूल पाठवणाऱ्या सर्व्हरशी) बोलणं एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, चालतं आणि सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर (त्याच्या ओळखपत्रावर) दोन तारखा असतात, कधीपासून ग्राह्य आणि कधीपर्यंत. प्लेअरच्या घड्याळात १९७० साल असेल तर त्याच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. तो जोडणी तोडतो. लॉगमध्ये सर्टिफिकेट अजून वैध नाही अशा अर्थाची ओळ सापडते, पण डॅशबोर्डवर फक्त ऑफलाइन एवढंच दिसतं, आणि ते वाचून सगळे नेटच्या मागे लागतात.

लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सर्टिफिकेटं बऱ्याच सीएमएसवर असतात. त्यांची नेहमीची मुदत ९० दिवसांची, आणि मुदत संपायच्या महिनाभर आधीच ती बहुधा नवी केली जातात. आता समजा मालक गणपतीला गावी गेले आणि दुकान बंद राहिलं. त्या दिवसांत सर्व्हरचं सर्टिफिकेट नवं झालं. दुकान उघडल्यावर प्लेअर जागा होतो तो गावी निघायच्या आदल्या रात्रीत, आणि नव्या सर्टिफिकेटची सुरुवातीची तारीख त्याला भविष्यातली वाटते. बाकी सगळ्या दुकानांतले प्लेअर व्यवस्थित आणि कोकणात जाऊन आलेल्यांचेच बंद, याचं कारण हे. मे महिन्याच्या सुट्टीनंतरही हेच होतं.

आधी तारीख वाचून घ्या

प्रत्येक लेआउटच्या कोपऱ्यात तारखेसकट लहानसं घड्याळ ठेवा. ते प्लेअरच्या स्वतःच्या वेळेवर चालतं, हे एकदा तपासून घ्या. डिझायनर मंडळींना ते आवडत नाही, पण याने दुकानात जायची फेरी वाचते. काउंटरवरच्या माणसाला फोनवर सांगायचं, "दादा, खाली कोपऱ्यात काय तारीख, किती वाजलेत, तेवढं वाचून दाखवा." त्या उत्तरात बहुतेक निदान असतं.

१ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच आणि पुढे काही मिनिटं असं सांगितलं तर प्लेअरकडे वेळ नाहीच, पण टाइम झोन बरोबर आहे. युनिक्सची मोजणी, म्हणजे लिनक्स-अँड्रॉइड वेळ मोजतात ती, त्या तारखेला यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्री सुरू होते आणि आपली वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. तारीख तीच आणि रात्रीचे बारा सांगितले तर टाइम झोनही लावलेला नाही. काल रात्रीची वेळ असेल तर जतन केलेली वेळ उचलली गेली आणि नंतर सुधारली गेली नाही. बरोबर साडेपाच तास मागे असेल तर वेळ मिळते आहे, झोन चुकला आहे. काही मिनिटांचाच फरक असेल तर प्लेअर बहुधा चालूच राहिलेला आहे, पण बरेच दिवस त्याला बाहेरून वेळ मिळालेली नाही.

घड्याळ अचूक असेल तर मात्र दोष खरंच नेटवर्कमध्ये शोधा: प्रॉक्सी, बदललेला वायफाय पासवर्ड, एकाच आयपीवर दोन यंत्रं, मोबाइल नंबर मागणारं लॉगिन पान.

लिनक्स प्लेअरला कीबोर्ड लावता आला तर टाइमडेटसीटीएल ही कमांड चालवा. सिस्टम क्लॉक सिंक्रोनाइज्ड या ओळीपुढे 'नो' असेल तर पुढे वाचा.

वेळ येतच नाही, ती का

प्लेअर एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) वेळ मागतो, आणि एनटीपी यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. मॉल, हॉस्पिटल, बँकेची शाखा अशा ठिकाणी फायरवॉलमधून फक्त ८० आणि ४४३ ही वेबसाइटची पोर्ट सोडलेली असतात. ब्राउझर चालतो, पिंग जातो, वेळ येत नाही. मोबाइलला याचा फटका बसत नाही, कारण तो वेळ टॉवरकडूनही घेऊ शकतो. म्हणून मोबाइलवर चालतंय हा पुरावा इथे उपयोगाचा नाही.

मॉलच्या आयटीवाल्यांना फोनवर "पोर्ट खोला" म्हणून काही होत नाही. लेखी मागा, आणि नेमकं मागा: या प्लेअरच्या आयपींवरून बाहेर यूडीपी १२३, अमुक सर्व्हरकडे. सर्व्हर म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा (एनपीएलचा) टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी द्या. भारतीय प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा राखते. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांनी आपली घड्याळं एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जुळवावीत असं सांगितलेलं आहे. त्यामुळे मोठ्या ठिकाणी आतल्या आत एक एनटीपी सर्व्हर बहुधा आधीच असतो. बाहेरचं पोर्ट मागण्याऐवजी त्याचाच पत्ता मागितला तर काम लवकर होतं. पत्ता नावाने न घेता आयपीने घ्या, म्हणजे डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) अडलं तरी वेळ अडणार नाही. डीएनएससेक (डीएनएसच्या उत्तरावरची सही) तपासणाऱ्या नेटवर्कमध्ये तर चुकलेल्या घड्याळामुळे नावच सापडत नाही आणि नाव नाही म्हणून वेळ मिळत नाही, असा पेच पडू शकतो.

लहान दुकानात सोपा मार्ग म्हणजे राउटरलाच एनटीपी सर्व्हर करणं. मायक्रोटिकसारख्या राउटरमध्ये ही सोय असते. डीएचसीपीच्या (राउटर यंत्रांना आयपी वाटतो त्या पद्धतीच्या) ४२ व्या ऑप्शनमधून हा पत्ता प्लेअरला आपोआप देताही येतो, पण प्लेअर तो वाचतोच असं नाही. अँड्रॉइडचे बॉक्स बहुधा दुर्लक्ष करतात. तिथे एडीबीने (कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडला कमांड देण्याच्या साधनाने) एनटीपी सर्व्हरचं ग्लोबल सेटिंग थेट बदलावं.

आता फायरवॉलचा काही प्रश्न नसलेलं साधं दुकान घ्या. इथे बिघाड चालू होण्याच्या क्रमात असतो. सकाळी मेन वर केला की राउटर, फायबरचा डबा आणि प्लेअर एकाच क्षणी चालू होतात. प्लेअर अर्ध्या मिनिटात तयार. फायबरच्या डब्याला लाइन धरायला काही मिनिटं लागतात. प्लेअर तेवढ्यात वेळ मागून बसतो, उत्तर येत नाही, तो साठवलेलं कंटेंट चालवायला घेतो आणि काही सॉफ्टवेअर पुन्हा विचारायला बराच वेळ घेतात. सिस्टमडी (लिनक्समध्ये काय कधी सुरू व्हावं ते सांभाळणारा प्रोग्राम) असलेल्या प्लेअरवर सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक ही सर्व्हिस चालू करा आणि प्लेअरचं ॲप टाइम-सिंक टार्गेटनंतर सुरू होईल असं लावा. पण त्याला एक कमाल मर्यादाही घाला, नाहीतर ज्या दिवशी खरंच नेट नसेल त्या दिवशी स्क्रीन काळीच राहील. अँड्रॉइडवर ॲपमध्ये सुरुवातीचा विलंब देण्याचा पर्याय असेल तर पाच मिनिटं द्या.

वायरमनकडून करून घेण्यासारखा उपाय मला त्याहूनही आवडतो. मिठाई-फरसाणाच्या दुकानात रात्री सगळं बंद होतं, पण फ्रीजची लाइन चालू ठेवावीच लागते. राउटर आणि प्लेअर त्या लाइनवर घ्या, मध्ये छोटा यूपीएस टाका, आणि मेनवर फक्त टीव्ही ठेवा. रोजचा धक्काच टळतो आणि अर्धवट बंद पडून मेमरी कार्ड खराब होणंही कमी होतं. यात एक काळजी घ्यावी लागते. टीव्ही बंद असताना प्लेअर चालू राहिला किंवा मध्येच रीस्टार्ट झाला, तर टीव्हीकडून माहिती न मिळाल्याने काही बॉक्स कमी रिझोल्यूशनवर उतरतात आणि सकाळी अक्षरं फाटलेली दिसतात. आउटपुट ऑटोवर न ठेवता १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ असं पक्कं करून टाका.

वेळ येते, पण प्लेअर घेत नाही

हा प्रकार फसवा आहे. पोर्ट उघडं, सर्व्हर उत्तर देतो, तरी घड्याळ तसंच. वेळ सुधारणारे काही प्रोग्राम फार मोठा फरक दिसला की सुधारणाच नाकारतात, कारण त्यांना सर्व्हरच चुकला असावा असं वाटतं. डोमेनमध्ये नसलेल्या विंडोज मशीनवर ही मर्यादा मुळात ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास. मिनी पीसीचा सेल संपला आणि घड्याळ काही वर्षं मागे गेलं, की विंडोज टाइम सर्व्हिस स्वतःहून ते पुढे आणत नाही. हाताने एकदा तारीख लावली की ती चालते, पुढचा मेन पडेपर्यंत. इथे खरा उपाय वीसेक मिनिटांचा आहे: डबा उघडा आणि सीआर२०३२ सेल बदला.

लिनक्सवर वेळ जुळवणाऱ्या जुन्या एनटीपीडीमध्ये १,००० सेकंदांहून जास्त फरक असला तर प्रोग्राम बंदच पडतो. तो जी पर्याय देऊन सुरू केला तर सुरुवातीला एकदा मोठी उडी घेऊ देतो. त्याच कामाच्या क्रोनी या प्रोग्रामच्या कॉन्फिगरेशनमध्ये मेकस्टेप ही ओळ आहे ना, ते पाहा. ती नसेल तर क्रोनी घड्याळ हळूहळू सरकवत बसतो आणि काही महिन्यांचा फरक असा सरकवून संपत नाही.

पायला घड्याळ बसवणं

ज्या ठिकाणी नेटचा भरवसा नाही, तिथे डीएस३२३१ चिपचं आरटीसी मॉड्यूल, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ, लावून टाका. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, ते सहज मिळतं. शून्य ते ४० अंश तापमानात ही चिप दहा लाखांत दोन भागांइतकी अचूक असते, म्हणजे वर्षाला साधारण एका मिनिटाचा फरक. जोडणी पायच्या आय-टू-सी (अशा चिप जोडायच्या) पिनांवर. कॉन्फिग फाइलमध्ये आय-टू-सी आरटीसीचा ओव्हरले लावायचा आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकायचा. दोन्ही राहिले तर सुरुवातीला खोटी वेळ खऱ्या वेळेवर बसू शकते.

सेलबद्दल सावध राहा. बाजारातल्या काही मॉड्यूलवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. त्यात साधा सीआर२०३२ घालून ५ व्होल्ट दिले तर चार्ज न होणाऱ्या सेलला चार्जिंग मिळत राहतं. तो फुगतो, गळतो. दुकानदाराला विचारून चार्जिंग नसलेलं मॉड्यूल घ्या, किंवा त्याला चालेल असा चार्ज होणारा सेल घाला. पाय ५ वर उलट काळजी: तिथे चार्जिंग मुळात बंद असतं, आणि चार्ज होणारा सेल लावला असेल तरच ते चालू करायचं.

टाइम झोन

एनटीपी फक्त यूटीसी देतं. झोन चुकला असेल तर घड्याळ सेकंदापर्यंत अचूक आणि बोर्ड तरीही चुकीचा. प्लेअर यूटीसीवर राहिला असेल तर सकाळी ८ चं नाश्त्याचं शेड्यूल दुपारी दीडला सुरू होतं आणि जेवायला आलेल्याला मिसळ-पोहे दिसतात. लिनक्स आणि अँड्रॉइडच्या यादीत मुंबई सापडत नाही, एशिया/कोलकाता निवडायचं असतं. विंडोजच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली एकत्र दिलेले आहेत. मुंबई नाही म्हणून शेजारचं कराची निवडलेलं असेल तर सगळं अर्धा तास उशिरा चालतं, आणि अर्ध्या तासाची चूक कित्येक महिने कोणाच्या लक्षात येत नाही. मुंबईने १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली स्वतःची वेळ चालवली, आणि आज यादीत तिचं नाव नाही, याचं मला दर वेळी थोडं वाईट वाटतं.

सीएमएसमध्येही झोन असतो, कुठे पूर्ण खात्याला आणि कुठे प्रत्येक स्क्रीनला वेगळा. प्लेअरवर दुरुस्त केलं आणि सीएमएसमध्ये राहिलं, तर शेड्यूल पुन्हा साडेपाच तास सरकतं. दोन्ही ठिकाणं बघा.

हे करू नका

घाईत सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे प्लेअरमध्ये सर्टिफिकेटची तपासणी बंद करणं. प्लेअर लगेच हिरवा होतो, म्हणून तो मोहात पाडतो. पण मग मॉलच्या सामायिक वायफायवर बसलेला कोणीही मध्ये शिरून तुमच्या सर्व्हरचं सोंग घेऊ शकतो आणि भर गर्दीत तुमच्या गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर त्याला हवं ते दाखवू शकतो. त्या स्क्रीनवर दुकानाचं नाव असतं. मी हे कुठल्याही परिस्थितीत करत नाही आणि कोणी केलेलं दिसलं तर आधी ते उलटवतो.

रोज सकाळी दुकानातल्या मुलाने रिमोटने वेळ लावायची, हाही उपाय नव्हे. तो सुट्टीवर गेला की बोर्ड चुकतो.

सोन्याच्या भावासारख्या मजकुराला आपण मुदत लावतो आणि निर्धास्त होतो. ती मुदतही प्लेअरच्या त्याच घड्याळावर मोजली जाते. घड्याळ कालमध्ये अडकलं तर कालच्या भावाची मुदत संपतच नाही. म्हणून भावाच्या चित्रातच तारीख छापून टाका, सर्व्हरवर चित्र तयार होतानाच. ओपीडीच्या वेळापत्रकालाही तसंच करा. जिना चढून आलेल्या आजींना निदान वाचून कळेल की हा बोर्ड आजचा नाही.

दुरुस्ती झाली का, ते बघण्यासाठी

नेट चालू ठेवून प्लेअर रीस्टार्ट करणं ही चाचणी नव्हे, तिथे तो पास होणारच. राउटरची बाहेरची केबल काढा, मग मेन पाडा आणि किमान दोन तास तसंच राहू द्या. मेन वर करा आणि नेट न जोडता कोपऱ्यातली तारीख वाचा. आरटीसी बसवलं असेल तर तारीख आणि वेळ इथेच बरोबर दिसली पाहिजे. बसवलं नसेल तर ती चुकीची असणारच, त्याची नोंद करा आणि केबल जोडा. पाचेक मिनिटांत घड्याळ आपोआप सुधारलं, डॅशबोर्ड हिरवा झाला आणि चालू वेळेचं शेड्यूल लागलं, तर काम झालं. कोणालातरी बटण दाबावं लागलं तर ते अजून झालेलं नाही. यूपीएस लावला असेल तर या चाचणीत प्लेअरचा प्लग त्यातून काढा, नाहीतर तपासणी यूपीएसची होते आणि प्लेअरची राहून जाते.